साहेब कुणाला चावत नाहीत

सुनेच्या पदरात काय पडणार होतं ते आधीच सांगून टाकू, म्हणजे पुढे तिच्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको. रस्त्याच्या वळणावरचं, दोन्ही बाजूंनी काचा असलेलं चष्म्यांचं दुकान. आत डोळे तपासायची अंधारी खोली आणि तिच्यातली वर-खाली होणारी खुर्ची. मागच्या बाजूला भिंगं घासायचं यंत्र. वरच्या मजल्यावर राहत्या तीन खोल्या, त्यांतली एक चांगली हवेशीर. हे सगळं एका बोटाच्या बदल्यात. बोट द्यायचंसुद्धा नव्हतं, नुसतं पुढे करायचं होतं, आणि त्यावर एका पोपटाने पाच मिनिटं बसायचं होतं. न चावता.

जमलं नाही तर दुकान जाणार होतं नणंदेकडे, आणि सून व तिचा नवरा जाणार होते भाड्याच्या एका खोलीत, जिथे पाण्याच्या प्रत्येक बादलीसाठी दोन जिने उतरावे लागतात. सून ती खोली गुपचूप बघून आली होती. खोलीला खिडकी होती, पण ती उघडली की समोर हातभर अंतरावर शेजारची भिंत होती. बाकी खोली चांगली होती, असं घरमालक म्हणाला.

ही अट सासऱ्याने घातली होती. सासरा म्हणजे दुकानाचा मालक. गिऱ्हाइकं त्याला ‘नंबरवाले’ म्हणत. चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारून मारून आपल्याला माणसाच्या आतलं दिसतं, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. आपल्याला जेवढं दिसतं त्याहून चार बोटं जास्त पोपटाला दिसतं, ही त्याच्या पुढची समजूत.

पोपटाला घरात साहेब म्हणत. पिसं हिरवी, चोच लाल, गळ्याला काळा पट्टा, आणि वागणं वरिष्ठ अधिकाऱ्याचं. बायको गेली त्या वर्षी म्हाताऱ्याने त्याला घरात आणलं, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत साहेब म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसले, त्याच्या मिशीतून चोच फिरवली, त्याच्या ताटातलं खाल्लं, आणि घरातल्या बाकीच्या सगळ्यांना चावले. म्हाताऱ्याला हे गोड वाटायचं. गिऱ्हाइकांच्या नंबरांची जी वही असते, उजवा डोळा, डावा डोळा असे रकाने आखलेली, तसलीच एक कोरी वही त्याने वर आणून ठेवली होती. तिच्यात तो चावे लिहायचा. तारीख, नाव, हात उजवा की डावा, कोणतं बोट, किती खोल.

“माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय,” एका रविवारी सगळ्यांना समोर बसवून तो म्हणाला. “दोन महिन्यांनी ऑपरेशन. ते झालं की दुकानाचे कागद करून टाकतो. मी माणसं ओळखायला चुकेन एखाद्या वेळी, साहेब चुकणार नाहीत. थोरली एका बाजूला, सूनबाई एका बाजूला. साहेब जिच्या हातावर पाच मिनिटं न चावता बसतील, दुकान तिचं.”

“आणि माझ्या हातावर?” मुलगा म्हणाला. हा सुनेचा नवरा, घरातले चिरंजीव. सकाळी दुकान उघडायला उशीर करणं आणि दुपारी विनोद करून फ्रेमा विकणं, ही त्यांची दोन कामं.

“तू गप्प बस. तुला ते सात वेळा चावलेत.”

“आठ,” थोरलीने दुरुस्ती केली.

“आठव्या वेळी कोट चावले. कोट मी धरत नाही.”

“मग वकिलाला काय सांगणार, बाबा? साक्षीदार म्हणून सही कुणाची? चोचीची?”

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पिंजऱ्यातून साहेबांनी मात्र बघितलं.

थोरली म्हणजे म्हाताऱ्याची मुलगी. चाळिशी ओलांडलेली, लग्न न झालेली, चष्म्याचा नंबर उणे नऊ. बावीस वर्षं ती मागच्या यंत्रावर भिंगं घासत होती. भिंग फ्रेमच्या मापाला आणताना शेवटचा केसभर कंगोरा यंत्राला कळत नाही, तो बोटाच्या टोकानेच चाचपावा लागतो. तिची बोटं हेच काम करत होती, आणि साहेब नेमकं तेच करू देत नव्हते. वहीत तिच्या नावावर चोवीस चावे होते. अधूनमधून एखाद्या रविवारी सकाळी म्हातारा तिला पिंजऱ्याशी बोलवायचा.

“ये, साहेबांना भेट.”

ती यायची. हात पुढे करायची. साहेब तिचं बोट फोडायचे. ती ओरडायची, हात झटकायची, मग पिंजऱ्यावर फडकं पडायचं आणि म्हातारा वही उघडायचा.

“तुझ्या मनात काहीतरी असणार,” लिहिता लिहिता तो म्हणायचा. “उगीच नाही चावत ते.”

ती सोमवारी बोटाला पट्टी बांधून यंत्रावर बसायची, आणि मनात काय असेल याचा विचार करायची. तिला खरंच वाटायचं की काहीतरी असेल.

सुनेला असे विचार पडत नसत. ती बाहेरून आलेली होती आणि तिचे डोळे ठणठणीत होते. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी सासऱ्याने तिच्या नाकावर शून्य नंबरचा चष्मा चढवला होता. “या घरात उघड्या डोळ्यांनी फिरायचं नाही. गिऱ्हाईक म्हणेल, यांचा स्वतःच्याच मालावर भरवसा नाही.” तेव्हापासून साध्या काचेतून ती जग बघत होती. या घरात चष्मा ही वस्तू राहिलीच नव्हती, तो अवयव होता. झोपताना उतरवायचा आणि डोळा उघडायच्या आधी चढवायचा. चेहऱ्यावर नाक आहे याची जशी कुणी दखल घेत नाही, तशी चष्म्याचीही घेत नव्हतं. पुढचं सगळं यातूनच झालं.

अट जाहीर झाली त्या आठवड्यात सुनेने आपल्या परीने प्रयत्न केले. गोड बोलून बघितलं, फळाची फोड देऊन बघितली. साहेबांनी फोड घेतली आणि मग अंगठा घेतला. वहीत तिच्या नावावर अकरावी नोंद झाली.

“साहेब लाच खात नाहीत,” म्हातारा समाधानाने म्हणाला.

“खाल्ली की,” चिरंजीव म्हणाले. “फक्त काम केलं नाही. अगदी साहेब आहेत.”

सून अंगठा धरून स्वयंपाकघरात गेली. तिथे धुणंभांडी करणारी मावशी होती. पिंजऱ्याचा तळ रोज तीच साफ करायची, हात थेट आत घालून. सुनेला ते एकदम आठवलं.

“मावशी, तुम्हाला कसा चावत नाही हो तो?”

“मला कशाला चावेल?”

“बाबा म्हणतात, गरिबाचं मन साहेबांना कळतं.”

“मन कळतं तर पगार वाढवायला सांगा की त्याला,” मावशी भांडं विसळत म्हणाली. “अहो, मी काय त्याच्या अंगावर जाते का? तुम्ही सगळे चार चार डोळे घेऊन तोंडाशी तोंड भिडवता त्याच्या. मी पोपट असते तर मीही चावले असते.”

ती चेष्टेत बोलली होती. सून हसली, अंगठ्यावर पाणी धरलं, आणि मग पाणी तसंच वाहत राहिलं. सासऱ्याच्या चष्म्याच्या दोन जागा तिच्या डोळ्यांपुढे आल्या. दुकानात असला की नाकावर. जिना चढून वर आला की खिशात. त्याला लांबचं दिसत नव्हतं, जवळचं चष्म्याशिवाय जास्त स्वच्छ दिसायचं. वरच्या खोल्यांत त्याला लांबचं बघायचं काही नव्हतंच. साहेबांशी तो नाकाला चोच लावून बोलायचा, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर फक्त त्याचा चेहरा असायचा.

दुपारी दोन ते तीन दुकान बंद असे आणि घर झोपे. सुनेने चष्मा काढून ओट्यावर ठेवला आणि ती पिंजऱ्यापाशी गेली. साहेबांनी मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं. पिसं फुगवली नाहीत. तिने चष्मा आणून चढवला. मानेवरची पिसं ताठ झाली, डोळ्यातली बाहुली टाचणीएवढी झाली, मोठी झाली, पुन्हा टाचणीएवढी. तिने चष्मा काढला. पिसं खाली बसली. चार वेळा तिने हे करून बघितलं. पाचव्यांदा करायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या पिशव्या घेऊन ती बाहेर पडली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला पक्ष्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर तरुण होता, त्याच्या दोन्ही हातांवर जुन्या ओरखड्यांच्या पांढऱ्या रेघा होत्या, त्यामुळे तिला त्याच्याबद्दल विश्वास वाटला.

“मोठे गोल डोळे समोरून जवळ येतात म्हणजे त्याच्या दृष्टीने शिकारी येतो,” डॉक्टर म्हणाला. “ही झाली भीती. आता सवय. तो चावला की तुम्ही काय करता?”

“ओरडतो. हात काढून घेतो. पिंजऱ्यावर फडकं टाकतो.”

“म्हणजे त्याला जे हवं होतं ते सगळं करता. माणूस निघून गेला, डोळे निघून गेले. पोपट म्हणतो, औषध लागू पडलं. पुढच्या वेळी तो धमकी देण्यात वेळ घालवत नाही, थेट डोस देतो.”

सून हसली. हे असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्याने तिला रीत सांगितली. हात पिंजऱ्यात घालायचा नाही, त्याला बाहेर येऊ द्यायचं. आधी काठी, मग बोट. खाण्याआधी दहा मिनिटं, पोट भरल्यावर नाही. बाहुली लहानमोठी व्हायला लागली, शेपटी पसरली, की तिथेच थांबायचं, पुढे जायचं नाही, मागे झटकायचंही नाही. शांत राहिला की सूर्यफुलाची बी, लगेच, त्याच क्षणी. चावला तर ओरडायचं नाही, हसायचंही नाही; हसणंही बक्षीसच. “दीड महिन्यात तुमच्या बोटावर बसेल.”

“आणि चष्मा?”

“त्यालाही तीन आठवडे पुरतील. चष्मा लांब टेबलावर ठेवायचा, बी द्यायची. रोज वीतभर जवळ. मग हातात धरायचा, मग कपाळावर, मग डोळ्यांवर. ती भीती गेली की संपलं. घरातल्या कुणालाच चावणार नाही.”

“कुणालाच?”

“कुणालाच. सगळं घर सुटेल.”

परत येताना बसमध्ये सून खिडकीशी बसली होती आणि हा ‘कुणालाच’ तिच्या मांडीवर पिशवीसारखा बसला होता. घरातल्या कुणालाच चावला नाही, तर थोरलीलाही चावणार नाही. थोरलीच्या हातावर पाच मिनिटं, हिच्या हातावर पाच मिनिटं, मग म्हातारा दुसरं काहीतरी बघणार. बावीस वर्षं बघणार, भिंगं घासलेली बोटं बघणार. सुनेच्या बाजूला दाखवायला चार वर्षांचा संसार होता आणि चिरंजीव होते.

तिने डॉक्टरचं अर्धं औषध घेतलं. बोटाचं घेतलं, चष्म्याचं सोडून दिलं.

दुपारचा एक तास तिचा झाला. चष्मा ओट्यावर, मूठभर बिया पदराच्या टोकात. पहिल्या आठवड्यात काठी. साहेबांनी काठी चावली, मग काठीवर पाय ठेवला, मग दोन्ही पाय. दुसऱ्या आठवड्यात काठीवर तिने बोट ठेवलं, काठी हळूहळू आखूड धरत आणली. दोनदा तिला चोच लागली. ती ओरडली नाही. दाताखाली ओठ धरून मनात दहापर्यंत मोजत तशीच उभी राहिली, आणि साहेबांना पहिल्यांदाच समजेनासं झालं की या चाव्याचा उपयोग काय. पाचव्या आठवड्यात ते तिच्या बोटावर बसले आणि तिच्या बांगडीचा सांधा चोचीने तपासत राहिले. तिने त्यांच्या मानेमागे बोट फिरवलं. साहेबांनी डोळे मिटले, मान खाली घातली आणि मानेची पिसं तिच्यासाठी उलटी केली. पोपट मान अशी कुणाच्याही पुढे करत नाही. त्या तासाभरात सुनेला आवडलंही असावं ते. तास संपला की ती चष्मा चढवायची, आणि साहेब तिला ओळखायचे नाहीत.

रविवारी मात्र ती चष्म्यासकटच भेटीला जायची. मुद्दाम. दोन रविवारी तिने बोट पुढे करून ठरवून चावा घेतला, वहीत नोंद होऊ दिली.

“अगं, औषध लाव,” थोरली म्हणाली. स्वतःच्या बोटाची पट्टी बाजूला ठेवून तिने सुनेच्या बोटाला आधी औषध लावलं. “मला तर वाटतं, कुणाच्याच हातावर बसायचा नाही हा. मग बाबा काय करतील कुणास ठाऊक.”

“बघू या ना, ताई.”

“तू काही करून बघतेस का?”

“मी काय करणार?”

“मी रोज झोपताना त्याची मनातल्या मनात माफी मागते,” थोरली म्हणाली. “हसू नकोस.”

सून हसली नाही. हसण्याचं काय होतं ते तिला डॉक्टरने शिकवलं होतं.

म्हाताऱ्याचं ऑपरेशन झालं. उजवा डोळा. आठ दिवस तो दवाखान्याजवळच्या एका नातेवाइकाकडे राहिला, धूळ नको म्हणून, आणि नवव्या दिवशी घरी आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काळा चष्मा होता. मोठा, दोन्ही बाजूंनी झाकलेला, कानशिलापर्यंत आलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं की महिनाभर तो झोपतानासुद्धा उतरवायचा नाही. म्हातारा आपल्या खुर्चीत बसला. सूनबाईंनी पाणी दिलं. पाणी देताना तिने त्या चष्म्याकडे पाहिलं. हा चष्मा साहेबांनाही दिसेल, हा विचार तोपर्यंत तिच्या मनात आलेला नव्हता, हे तिच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

“आज निकाल लावून टाकू,” म्हातारा म्हणाला. “गुरुवारी वकील येतोय.”

पिंजरा खिडकीशी, म्हाताऱ्यापासून दहा पावलांवर. चिरंजीव घड्याळ घेऊन बसले.

आधी थोरली गेली. तिने हात धुऊन पुसले होते, नखं कापली होती. ती चष्म्याच्या जाड काचांतून वाकून साहेबांकडे बघत राहिली, अगदी प्रेमाने, अगदी जवळून. नऊ सेकंद लागले. रक्त तिच्या मनगटापर्यंत आलं.

“सत्तावीस,” म्हातारा म्हणाला.

मग सून उठली. पिंजऱ्याकडे जाता जाता तिने चष्मा काढून कमरेला खोचला.

“चष्मा का काढलास गं?” थोरलीने विचारलं. ती बोट दाबून धरून उभी होती.

सुनेने पदराने कपाळ पुसलं.

“घामाने घसरतोय, ताई. पडला तर फुटेल.”

“बरोबर आहे,” थोरली म्हणाली, आणि पट्टी शोधायला वळली.

पिंजऱ्याचं दार उघडलं. साहेब स्वतःहून बाहेर आले, तिच्या बोटावर चढले आणि बांगडीचा सांधा तपासायला लागले. एक मिनिट, दोन मिनिटं. चिरंजीव आयुष्यात पहिल्यांदा एकही विनोद न करता बसले होते. चौथ्या मिनिटाला साहेबांनी मान खाली घातली. म्हाताऱ्याला दहा पावलांवरून हिरवा ठिपका तेवढा दिसत होता, पण मान घातलेली त्याला कळली आणि त्याने खुर्चीच्या हातावर थाप मारली.

“झालं. दुकान सूनबाईचं. मी म्हणत नव्हतो? साहेबांना कळतं.”

थोरली मान हलवत होती, कुणीतरी तिला बरोबर उत्तर सांगावं तशी.

“आता इकडे द्या त्यांना,” म्हातारा म्हणाला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. “नऊ दिवस भेट नाही आमची.”

दहा पावलं होती. सून चालायला लागली. चौथ्या पावलाला तिच्या बोटावरचे पंजे आवळले गेले. सहाव्या पावलाला तिने साहेबांच्या डोळ्यात पाहिलं. बाहुली टाचणीएवढी झाली, मोठी झाली, टाचणीएवढी. ही भाषा घरात तिला एकटीलाच येत होती. ‘बाबा, चष्मा काढा.’ एवढंच म्हणायचं होतं. पण थोरली अजून खोलीत होती, आणि थोरलीने नुकताच एक प्रश्न विचारलेला होता. बावीस वर्षं केसभराचा कंगोरा शोधणारी बाई, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नसतं. तिने फक्त स्वतःचा चष्मा उतरवला असता, आंधळेपणाने हात पुढे केला असता, आणि कागद पुन्हा कोरे झाले असते.

आठवं पाऊल. नववं. शेपटी पंख्यासारखी उघडली.

“या साहेब, या,” म्हातारा म्हणाला आणि सवयीने चेहरा पुढे केला.

पहिला घाव काळ्या काचेवर बसला. चष्मा एका कानावरून निसटला. दुसरा घाव उजव्या पापणीवर बसला आणि तिथून चोच निघाली नाही, कारण म्हातारा ओरडला, त्याने डोकं झटकलं, आणि नऊ वर्षांत साहेब शिकले होते की ओरडा झाला म्हणजे माणूस निघून जायला थोडंच उरलंय.

दवाखान्यात त्यांनी दोन तास खटपट केली. नऊ दिवसांचा टाका उसवला होता, आतलं नवीन भिंग जागेवरून गेलं होतं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी चिरंजीवांच्या खांद्यावर हात ठेवला. उजवा डोळा गेला होता, आणि डाव्यातल्या पिकलेल्या मोतीबिंदूला आता हात लावायचा धोका ते घेणार नव्हते. डाव्या डोळ्याने म्हातारा पुढे उजेड आणि अंधार ओळखेल, कदाचित माणसांचे आकार. भिंगाचा नंबर आता तो वाचू शकणार नव्हता.

गुरुवारी वकील आला. म्हातारा अर्धं डोकं बांधलेला, खुर्चीत ताठ बसला होता. घरात सगळ्यांना वाटलं होतं की आता कागद बदलणार. पण म्हाताऱ्याला आपल्या समजुतीचं भारी वेड.

“साहेब चुकत नाहीत,” तो म्हणाला. “मी संपलोय, ते त्यांना कळलं. संपलेल्या माणसाला कोण ओळखतं? दुकान सूनबाईचंच. लिहा.”

वकिलाने लिहायला सुरुवात केली. लेखणीचा आवाज येत होता.

“पण एक आधी,” म्हातारा म्हणाला. “सही करायच्या आधी. सूनबाई, साहेबांना इकडे आणा.”

“कशाला, बाबा?” थोरलीने विचारलं.

“माझ्या घरात मला संपलेला म्हणणारा कुणी नको. आणा. तुमच्याच हातावर येतात ना ते? मग तुम्हीच आणा.”

“बाबा, मुका जीव तो,” थोरली म्हणाली. “सत्तावीस वेळा चावला मला, तरी म्हणते, नको. सोडून द्या बाहेर कुठे. अगं, तू सांग ना त्यांना काहीतरी. तुझं ऐकतील ते.”

सुनेकडे सांगण्यासारखं होतं. दोन शब्दांचं होतं. ‘चष्म्यामुळे चावले.’ म्हाताऱ्याचा हात थांबला असता. तो संपलेला नाही, हे ऐकून त्याला बरंही वाटलं असतं. मग त्याने विचारलं असतं, तुला कधीपासून माहीत? वकिलाची लेखणी अजून शेवटच्या ओळीवर होती आणि सहीची जागा कोरी होती.

ती खिडकीशी गेली. चष्मा काढला. दार उघडलं. साहेब बाहेर आले, बोटावर चढले. दहा पावलं ती चालली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आज पांढरी पट्टी होती, चष्मा नव्हता, त्यामुळे साहेबांची पिसं सपाट होती आणि बाहुली शांत. नवव्या पावलावर त्यांनी म्हाताऱ्याला ओळखलं. ते आपणहून सुनेच्या बोटावरून म्हाताऱ्याच्या मनगटावर उतरले, नऊ वर्षांच्या सवयीने, आणि कुरवाळून घ्यायला मान खाली घातली.

म्हाताऱ्याने चाचपून मान शोधली. अंगठा आणि दोन बोटं. काडी मोडावी एवढाही आवाज झाला नाही.

“कुठे सही करू?” त्याने विचारलं. वकिलाने त्याचा हात धरून कागदावर नेला.

तर आता कुणी काय भरलं ते. म्हाताऱ्याने एक डोळा पूर्ण आणि दुसरा बराचसा. थोरलीने बावीस वर्षं आणि सत्तावीस चावे, आणि शिवाय ती अजून यंत्रावर बसते, कारण सुनेला कंगोरा चाचपता येत नाही आणि थोरलीला दुसरीकडे जायला जागा नाही. आपल्या मनात काय होतं हे ती अजून शोधते. पोपटाने मान. चिरंजीवांनी त्या दुपारपासून दोन आठवडे विनोद केला नाही, पण त्यांच्याकडून एवढंच निघण्यासारखं होतं. सुनेने पहिल्यांदा तीन शब्द वाचवले आणि दुसऱ्यांदा दोन. तिचं सगळं त्या पाच शब्दांत भागलं.